फरशीवर झोपल्यावर दुखणारा पाय

झाशीत मला कुणी फिजिओथेरपिस्ट म्हणत नाही. तो शब्द फक्त माझ्या नेमणुकीच्या कागदावर आहे. पूर्वी दवाखान्यातल्या माझ्या खोलीच्या पाटीवरही होता, पण पाटीचा रंग उडाला तसा तिथूनही गेला. लोक मला ‘सिकाईवाले डॉक्टर साहब’ म्हणतात. सिकाई म्हणजे शेक. मी डॉक्टर नाही आणि नुसता शेकही देत नाही, हे सुरुवातीला मी प्रत्येकाला समजावून सांगायचो. समोरचा माणूस शांतपणे ऐकून घ्यायचा आणि “अच्छा, डॉक्टर साहब” म्हणून पाय पुढे करायचा. पुढे मी तो नाद सोडला.

मी मूळचा भुसावळचा. रेल्वेत नोकरी लागली ती झाशीला, आणि बदलीचा अर्ज करायचा राहून राहून इथलाच झालो. माझ्याकडे माणसं सगळीकडे फिरून झाल्यावर येतात. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, एरच गावच्या कुण्या वैद्याचं तेल झालं, की मग कुणीतरी म्हणतं, एकदा सिकाईवाल्यांना दाखवा. त्यातली निम्मी माणसं कमरेखालच्या दुखण्याची. आणि त्यातलंही मला सर्वांत जास्त कोड्यात टाकणारं दुखणं म्हणजे नसेचं.

स्नायूचं दुखणं सरळ असतं. जिथे दुखतं तिथेच बिघाड असतो. नस तशी नाही. आपल्या शरीरातली सर्वांत जाड नस कमरेतून निघते, कुल्ह्याच्या आतून जाते, मांडीच्या मागून उतरते आणि फाटे फुटत फुटत पायाच्या बोटांपर्यंत पोहोचते. वाटेत कुठेही ती दाबली गेली तरी माणूस सांगतो पोटरी दुखते, नाहीतर अंगठ्याला मुंग्या येतात. तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तिथे दुखत असतं. माझा मित्र दिनकर रेल्वेच्या सिग्नल खात्यात इन्स्पेक्टर आहे. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मग आमच्यासारखंच की. दिवा विझतो इथे, आणि केबल तुटलेली असते मैलभर मागे. दिवा बदलून काय होणार?”

दिवा बदलणाऱ्यांची उदाहरणं माझ्याकडे भरपूर आहेत. एक तिकीट तपासनीस होते. उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग व्हायची, इतकी की पँटचं कापडही सहन होईना. मलमं लावून झाली होती. कमरेचा फोटो काढून झाला होता. मी त्यांना उभं केलं आणि पाहत राहिलो. पोट सुटलेलं, आणि त्या पोटाखाली पट्टा करकचून आवळलेला. मी म्हटलं, “तिवारीजी, हा पट्टा कोणत्या भोकात लावता?”

“शादी के समय जिस छेद में लगता था, उसी में,” ते छाती काढून म्हणाले.

मांडीच्या बाहेरच्या कातडीला जाणारी एक बारीक नस कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापाशी, बरोबर पट्ट्याखालून जाते. मी त्यांना पट्टा काढून खांद्यावरचे गॅलिस लावायला सांगितलं. ते फार दुखावले. “मतलब आप मुझे मोटा कह रहे हैं?” पण महिन्याभरात आग गेली. आता फलाटावर भेटले की कोट बाजूला सारून गॅलिस दाखवतात.

दुसरे होते निवृत्त मेल ड्रायव्हर. चालायला लागलं की दोन्ही पाय शिशाचे होतात, भरून येतात, पुढे टाकवत नाहीत. बसलं की बरं. हृदयाच्या, रक्ताच्या सगळ्या तपासण्या झालेल्या. मी त्यांना विचारलं, “दुखत कधी नाही?” हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. मग म्हणाले, “साइकिल पे नहीं दुखता। साइकिल पे कहो तो दतिया हो आऊँ, पैदल सीपरी बाज़ार तक नहीं जा सकता।” तिथेच उलगडा झाला. सायकलवर माणूस पुढे वाकतो, वाकल्यावर मणक्याची अरुंद झालेली जागा जराशी उघडते आणि नसा मोकळ्या होतात. पुढे त्यांना आम्ही वाकून ढकलायची चाकांची गाडी दिली. ते तिच्यावर भाजी आणतात.

या दोघांमुळे मी एक नियम केला होता. कुणीही आलं की दुखतं कुठे, हे विचारून झाल्यावर दोन प्रश्न जास्त विचारायचे. दुखतं कधी? आणि दुखत कधी नाही? या दुसऱ्या प्रश्नाचा मला अभिमान वाटायचा. हे इतकं सविस्तर सांगतो आहे, कारण एका माणसाला मी तो प्रश्न नीट विचारलाच नाही. आणि तो माणूस परका नव्हता.

शुभदा ही दिनकरची बायको. स्टेशनावर पार्सल ऑफिसात क्लार्क. माहेर आणि सासर दोन्ही झाशीतलीच जुनी मराठी घराणी, कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेली. आम्ही नोकरीपायी आलेले मराठी लोक या घरांकडे जरा कौतुकानेच बघतो. त्यांच्या मराठीत कधीमधी असा एखादा शब्द येतो, की तो मी भुसावळला फक्त आजीच्या तोंडून ऐकलेला असतो. बाहेर सगळा दिवस हिंदीत गेल्यावर त्या घरात जाऊन मराठी बोलणं मला फार गोड लागायचं. माझी बहीण लांब. भाऊबीजेला सुट्टी मिळायची नाही. पहिल्याच वर्षी दिनकरच्या आईने, म्हणजे काकूंनी, पाट मांडून मला बसवलं आणि शुभदाने ओवाळलं. तेव्हापासून मी तिचा दादा.

तिचा उजवा पाय दुखायला लागला तेव्हा साहजिकच ती माझ्याकडे आली. मी विचारलं, “काय होतं?”

“पाय दुखतो.”

“कुठून कुठे?”

“असा सगळाच. मागून.”

“कधी दुखतो?”

“मधून मधून.” मग थोडं थांबून म्हणाली, “फरशीवर झोपलं की दुखतो, दादा.”

मी तिला पाठीवर झोपवलं आणि पाय सरळ वर उचलून पाहिला. नस दाबलेली असेल तर पाय थोडा उचलताच माणूस ओरडतो. शुभदाचा पाय सहज वर गेला. ताकद ठीक, संवेदना ठीक. मे महिना होता. झाशीच्या मे महिन्यात निम्मं गाव फरशीवर पाणी शिंपडून झोपतं. मी म्हटलं, थंड, कडक फरशी सोसत नाही तुला, खाटेवर झोपत जा. आणि कमरेचे चार व्यायाम दाखवले.

ती महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिली. दर वेळी तपासणी कोरी. दुखणं मात्र वाढत चाललं होतं. पार्सल ऑफिसातून तिच्या रजा वाढल्या. दुखायचं तेव्हा ती घरी असायची. बरं वाटलं की कामावर जायची आणि जाता जाता माझ्याकडे डोकावायची. म्हणजे मी तिला पाहायचो ते नेहमी बऱ्या दिवशी. हे वाक्य आज मी सहज लिहिलं. तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं नाही.

हिवाळ्यात तिने पुन्हा तेच सांगितलं, फरशीवर झोपलं की दुखतं. मी जरा चिडून दिनकरला म्हटलं, “अरे, तिला खाट घेऊन दे एकदाची.” त्याने दुसऱ्याच दिवशी मागच्या खोलीत नवी खाट आणून टाकली. पाय दुखायचा थांबला नाही. आणि तिथे माझ्या मनात एक किल्मिष शिरलं. फरशी गेली तरी दुखतं, तपासणीत काही नाही, रजा मात्र मिळते. रेल्वेच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं काम केलं की ही सवय लागते. बहाणा करणारे इतके भेटतात की खरा माणूसही त्या रांगेत उभा दिसू लागतो. मी तोंडाने काही बोललो नाही. पण हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणालो, “साहेब, शोधून सापडत नाही काही. थोडं मनाचं असावं.” ते ऐकून त्यांनी मान हलवली, आणि पुढचे काही महिने तिच्या दुखण्याकडे त्याच नजरेने पाहिलं गेलं.

शेवटी दिनकरनेच तिला बाहेरगावच्या एका मोठ्या सर्जनकडे नेलं. कमरेचा एमआरआय झाला. शेवटच्या दोन मणक्यांमधली गादी जराशी बाहेर आलेली दिसली. चाळिशीकडे झुकलेल्या दहा माणसांचे फोटो काढले तर कितीतरी जणांत ती तशी दिसेल, आणि त्यांतल्या बहुतेकांना काही त्रास नसेल. पण इथे पाय दुखत होता आणि फोटोत काहीतरी दिसत होतं. सर्जन म्हणाले, ऑपरेशन करू. दिनकर माझ्याकडे आला.

“काय करू, मधू? तू सांग.”

मला माहीत होतं की तो फोटो आणि ते दुखणं यांचा मेळ बसत नाही. गादीने दाबलेली नस महिन्यातले काही दिवस रजेवर जात नाही. पण दोन वर्षं हात टेकल्यावर त्या सर्जनच्या विरुद्ध बोलायला मला तोंड नव्हतं. मी म्हणालो, “एवढे मोठे डॉक्टर म्हणतात, तर करून टाका.” तारीख ठरली. शुभदाने रजा टाकली. काकूंनी देवाला नवस बोलला.

ऑपरेशनच्या आधी थोडे व्यायाम शिकवावेत म्हणून मी तिला बोलावून घेतलं. त्या दिवशी माझ्या खोलीत शेजारच्या टेबलावर रामप्यारी होती. रुळांवर काम करणाऱ्या गँगमधली धिप्पाड बाई, गुडघा धरलेला, तोंड मात्र मोकळं. ती असल्यामुळे आमचं बोलणं आपोआप हिंदीत सुरू झालं. मराठीत बोललो असतो तर रामप्यारीने सोडलं नसतं, हमाई बुराई कर रए का, असं ती एकदा म्हणाली होती.

“काए मैडम, तुमें का हो गओ?” रामप्यारीने विचारलं.

आणि शुभदा बोलायला लागली. “अरे क्या बताऊँ। कूल्हे के अंदर से शुरू होता है। ऐसा लगता है जैसे कोई गरम तार खींचता हुआ टखने तक ले जा रहा है। फिर पंजा सुन्न। उठते नहीं बनता, बैठते नहीं बनता। करवट लो तो बिजली लगती है।”

माझा हात तिच्या पायावर तसाच राहिला. दोन वर्षांत मला तिच्याकडून ‘पाय दुखतो’ यापलीकडे एक शब्द मिळाला नव्हता. कुल्ह्याच्या आतून निघून घोट्यापर्यंत जातं हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. कमरेतून नाही, कुल्ह्यातून. आणि हे ती मला सांगत नव्हती, रामप्यारीला सांगत होती.

तेव्हा मला जे वाटलं ते आधी नुसतं कुतूहल होतं, अपराधी वाटणं नंतर आलं. एकाच बाईला, एकाच पायाबद्दल, एका भाषेत दोन शब्द आणि दुसरीत दहा? मराठी तर तिची घरची भाषा. मग लक्षात आलं की अडचण तीच आहे. तिची मराठी सासूशी, सासऱ्यांशी, सणावारी आलेल्या पाहुण्यांशी बोलायची. त्या मराठीत ती सून होती, वहिनी होती आणि माझी बहीण होती. स्वतःच्या शरीराबद्दल ती मोकळी बोलायची ती ऑफिसातल्या मैत्रिणींशी, आणि ते हिंदीत. मी मात्र झाशीत मराठी पेशंट मिळाला म्हणून हट्टाने मराठीत विचारत राहिलो. तिला त्यात जिव्हाळा वाटत असेल, असं मला वाटायचं. जिव्हाळाच होता. म्हणून तर तोंड बंद होतं.

रामप्यारी शेक घेऊन गेल्यावर मी खुर्ची टेबलापासून लांब ओढली, समोर बसलो आणि म्हणालो, “मैडम, शुरू से बताइए।”

ती हसायला लागली. “क्या हुआ दादा? आज मैडम?”

“मान लीजिए, मैं आपको जानता नहीं। आप पहली बार आई हैं।”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मी गंमत करत नाही हे तिला कळलं. ओढणी सारखी करून ती उठून बसली.

“दर्द कब नहीं होता?” मी विचारलं.

ती भिंतीवरच्या सांगाड्याच्या तक्त्याकडे पाहत म्हणाली, “महीने के बीच में नहीं होता।”

“और होता कब है?”

“जब नीचे सोना पड़ता है।”

“नीचे क्यों सोना पड़ता है? अब तो खाट भी है।”

“खाट पर सही। अलग तो सोना ही पड़ता है न, उन चार दिनों में। हमारे यहाँ अभी भी चलता है।” मग एकदम भराभर म्हणाली, “एक-दो दिन पहले से शुरू हो जाता है। फिर चारों दिन। पहले उसके बाद चला जाता था, अब हफ्ता भर और खिंचता है। मैंने सोचा, सबको होता होगा। माँजी ने कहा था, सबके पैर टूटते हैं।”

मी उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिने मागे मोजू लागलो, तेव्हा तिने विचारलं, “कुछ गलत बोल दिया?”

फरशी! जानेवारीत, झाशीच्या थंडीत, कुणी हौसेने फरशीवर झोपतं का? ती दोन वर्षं मला सांगतच होती. बाजूला बसायचे दिवस आले की मागच्या खोलीत सतरंजीवर झोपायचं, आणि तेव्हाच दुखायचं. मराठी बाईने मराठी माणसाला याहून उघड ते काय सांगायचं? आमच्या घरी आईने ती प्रथा केव्हाच बंद केली होती, म्हणून मला सुचलं नाही, अशी मी स्वतःची समजूत काढतो. ती पूर्ण खरी नाही. मी फरशीला धरून बसलो, कारण फरशी हे उत्तर मला सोपं होतं.

मी डॉक्टर नाही हे आधी सांगितलंच आहे. मी आमच्या दवाखान्यातल्या लेडी डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी माझ्याकडून तारखा विचारून घेतल्या. मग समजावून सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसंच अस्तर काही बायकांच्या पोटात भलत्या ठिकाणी वाढतं. दर महिन्याला गर्भाशयातल्या अस्तरातून रक्त जातं, तसंच या चुकार अस्तरातूनही जातं. पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. ते तिथेच साठतं, सुजतं, व्रण पडत जातात. हे अस्तर क्वचित, फार क्वचित, कुल्ह्याच्या आत त्या जाड नसेपाशी वाढू शकतं. मग दर महिन्याला नस आवळली जाते आणि मोकळी होते. आणि काही वर्षांनी पूर्ण मोकळी होईनाशी होते.

“किताब में पढ़ा है। देखा कभी नहीं,” त्या म्हणाल्या. “आपको यकीन है?”

“नाही,” मी म्हणालो. “पण दुखत्या दिवशी तिला कुणीच तपासलेलं नाही. मीसुद्धा नाही.”

“तो ले आइए। दर्द वाले दिन।”

ते दिवस ऑपरेशनच्या तारखेच्या थोडे आधी येणार होते. म्हणजे वेळ होता, पण फार नाही. दिनकरला कोण सांगणार, असं मी शुभदाला विचारलं. ती म्हणाली, “आप बताइए। मुझसे नहीं होगा।” त्या विषयापुरती ती हिंदीतून बाहेर यायला तयार नव्हती.

दिनकर माझ्यावर असा भडकलेला मी कधी पाहिला नव्हता. “करून टाका म्हणणारा तूच ना? आता तारीख जवळ आल्यावर थांबा म्हणतोस? आणि हे... हे सगळं तिने तुला सांगितलं? ती तेव्हा वेगळी झोपते एवढंच मला माहीत. पाय तेव्हाच दुखतो, हे मला नाही सांगितलं कधी!”

“मलाही नव्हतं सांगितलं. मी तिचा दादा नसल्यासारखा बसलो, तेव्हा सांगितलं.”

“म्हणजे काय?”

सरळ सांगून हे त्याला पटण्यासारखं नव्हतं. मी त्याच्याच कामावर आलो. “दिनकर, एखादा सिग्नल फक्त पावसात बिघडतो. तू दर वेळी कोरड्या दिवशी जाऊन तपासतोस आणि ठीक आहे म्हणून शेरा मारतोस. तर?”

तो लगेच म्हणाला, “मूर्ख आहे तो इन्स्पेक्टर. भर पावसात जाऊन उभं राहायला पाहिजे.” आणि म्हणता म्हणता त्याचं त्यालाच उमगलं. मग एवढंच म्हणाला, “आईला तू सांग.”

काकू ओट्यापाशी भाजी निवडत होत्या. त्यांना मी हिंदीत सांगू शकत नव्हतो. अडखळत अडखळत मराठीतच सांगितलं की त्या दिवसांत शुभदाला दवाखान्यात न्यायची आहे.

“त्या दिवसांत कशाला बाहेर काढायची तिला? चार दिवसांनी ने. दवाखाना काय पळून जातोय?”

“दवाखाना नाही पळत, काकू. दुखणं पळतं. आम्ही पोहोचेपर्यंत निघून गेलेलं असतं.”

काकूंचे हात थांबले. म्हणाल्या, “फरशी फरशी म्हणायची, तेव्हा मला वाटायचं, बाजूला बसवते म्हणून टोमणा मारतेय. म्हणून मी मुद्दामच ऐकलं नाही.” त्यांनी भाजीची परात बाजूला सारली. “घेऊन जा. मी येते बरोबर.”

त्या येणार असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण आल्या, आणि शुभदाचा हात धरून आल्या.

त्या दिवशी मी शुभदाचा उजवा पाय उचलला. टेबलापासून वीतभर वर गेला असेल-नसेल, ती किंचाळली. कुल्ह्यावर जिथून ती नस बाहेर पडते तिथे अंगठा ठेवल्याबरोबर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी तिच्या पायाचा अंगठा खाली दाबून म्हटलं, वर ओढ, तर तो ओढला जाईना. दोन वर्षं कोऱ्या सापडलेल्या पायात इतकं सगळं होतं. लेडी डॉक्टर माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, “रीढ़ का ऑपरेशन रुकवाइए।”

पाठीचं ऑपरेशन रद्द झालं. दिल्लीत पुन्हा एमआरआय झाला, या वेळी कमरेचा नाही, ओटीपोटाचा आणि कुल्ह्याचा, आणि दुखत्या दिवसांत. नसेला चिकटलेली गाठ दिसली. तिथल्या डॉक्टरांनी पोटाला बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीने ती सोडवून काढली. नंतर पाळी थांबवणाऱ्या गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत पाय दुखला नाही, पण त्यावरून काही ठरत नव्हतं. पाऊसच नाही तर सिग्नल तपासायचा कसा? दिनकरच असं म्हणत होता. आमची सगळ्यांची नजर गोळ्या बंद झाल्यावरच्या पहिल्या पाळीवर होती. एका बाईच्या पाळीची वाट नवरा, सासू आणि मानलेला भाऊ डोळ्यांत तेल घालून पाहताहेत, याचं तिला एकीकडे हसू यायचं आणि दुसरीकडे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका सकाळी ती माझ्या खोलीत आली. बरोबर कुणी नव्हतं. पर्स खुंटीला अडकवून सरळ टेबलावर जाऊन झोपली.

“आज दुसरा दिवस आहे, दादा,” ती म्हणाली. “बघा.”

हे तिने मराठीत सांगितलं, हे माझ्या लक्षात आलं ते नंतर. तेव्हा माझं सगळं लक्ष पायात होतं. टाच तळहातावर घेतली आणि उचलायला लागलो. वीतभर. थांबलो. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती, श्वास धरून. आणखी वर. गुडघा सरळ, पाय वर, आणखी वर.

“दुखतंय?”

“नाही.”

“ताण?”

“मांडीला. साधा ताण आहे तो. तुमच्याच व्यायामाचा.” मग म्हणाली, “आता खाली ठेवा की. पंखा लागेल पायाला.”

मी पाय खाली ठेवला. लगेच पुढची तपासणी केली. अंगठ्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, वर ओढ. तिने ओढला. थोडा आला आणि माझ्या बोटाखाली सहज दबला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. नस फार दिवस आवळलेली राहिली की तिच्या काही तारा परत जिवंत होत नाहीत. हे मी पेशंटना नेहमी सांगतो. त्या दिवशी मात्र मी तिसऱ्यांदा बोट ठेवून पाहिलं.

“हे येणार नाही ना परत?” तिनेच विचारलं.

“थोडं येईल. सगळं नाही.” मग दिल्लीपासून जे बोलायचं राहिलं होतं ते बोललो. “पहिल्याच दिवशी मी नीट विचारलं असतं तर हा अंगठा शाबूत राहिला असता. आणि मी डॉक्टरांना सांगितलं होतं की तुझं दुखणं मनाचं आहे.”

ती उठून बसली. चप्पल शोधत, मान खाली ठेवूनच म्हणाली, “मला माहीत आहे. डॉक्टरांनी तेव्हाच ऐकवलं होतं मला.”

इतके दिवस तिला ते माहीत होतं. तरी ती माझ्याकडेच येत राहिली होती, आणि भाऊबीजेला ओवाळतही राहिली होती.

“मीही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर राहिला असता,” ती म्हणाली. “दोघांनी मिळून घालवलाय तो अंगठा. सगळा तुमच्याच नावावर नका घेऊ.” पर्स घेऊन ती ड्युटीवर गेली.

तिला आता रजा लागत नाहीत. चालताना उजवं पाऊल मात्र अजून किंचित आपटतं. पार्सल ऑफिसातल्या लोकांना ती येतेय हे आधीच कळतं, सगळे फायलीत मान घालून बसतात, त्याचा तिला फायदाच होतो, असं ती हसून सगळ्यांना सांगते. दिनकरही हसतो, आता काकूही हसतात. मला अजून ते जमलेलं नाही.